लांबचे आधी

त्या धरणाला दोन दरवाजे होते. एक लोखंडी. तो वंगण घातलं की उघडायचा. दुसरे म्हणजे कंडक्टर. त्यांना कसलंच वंगण चालत नसे. हे मला नोकरीच्या पहिल्या आठवड्यातच कळायला हवं होतं, पण मी डिप्लोमा फर्स्ट क्लासमध्ये पास झालेला असल्यामुळे जरा वेळ लागला.

धरण म्हटलं की लोकांना उंच भिंत, पांढरा फेस, खाली बाग आणि कणसं भाजणारे असं काहीतरी आठवतं. आमचं तसं नव्हतं. चांदवडच्या अलीकडे दोन टेकड्यांच्या मध्ये घातलेला मातीचा बांध, त्याच्या पोटातून निघालेला सात किलोमीटरचा कालवा, आणि कालव्यातून शेतात पाणी घ्यायला ठेवलेल्या अकरा मोऱ्या, एवढाच कारभार. सहलीला कुणी यायचं नाही. मंत्री एकदाच आले होते, तेही रस्ता चुकून.

नव्वदीच्या दशकातली गोष्ट. पाणीवाटपाचं काम शेतकऱ्यांच्याच संस्थांकडे सोपवायला सरकारने नुकती सुरुवात केली होती. म्हणजे दरवाजा आमच्या खात्याचा, पाणी मोजून कालव्यात सोडायचं आम्ही, आणि पुढे ते कुणाला कधी द्यायचं हे संस्थेने ठरवायचं. सगळी भांडणं आपोआप संस्थेकडे गेली, त्यामुळे ही योजना खात्यात सर्वांना मनापासून आवडली होती. इथल्या संस्थेचे सचिव एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर होते. नाव होतं त्यांना, पण ठरावाखाली सही करण्यापलीकडे ते कुणी वापरत नसे.

मी पहिल्यांदा स्कूटरवरून धरणावर गेलो, तेव्हा बांधावर एक उंच, वाळका माणूस खाकी शर्ट घालून उभा होता. गळ्यात शिट्टी. त्याने हात दाखवून मला थांबवलं.

"कुठं जायचं?"

"धरणावर."

"धरण आलं. उतरा."

मी उतरलो. पुढे पाच वर्षं मी त्या माणसाच्या सांगण्यावरून चढत-उतरत राहिलो. मी त्यांना काका म्हणायचो, ते मला साहेब म्हणायचे. या साहेब शब्दाचा अर्थ 'नवीन आहे, सांभाळून घेऊ' असा होता.

माणूस निवृत्त झाला तरी नोकरी त्याच्यातून निवृत्त होत नाही, हे मी बऱ्याच जणांत पाहिलंय. निवृत्त पोलीस लग्नातही दाराजवळची खुर्ची धरतो. काकांनी मात्र अख्खा कालवाच एसटीत जमा केला होता. कालवा म्हणजे रूट. मोऱ्या म्हणजे स्टॉप. शेतकरी म्हणजे पॅसेंजर. दरवाजाच्या खोलीबाहेर त्यांनी रुळाचा एक तुकडा टांगला होता. त्यावर एक टोला म्हणजे पाणी बंद, दोन टोले म्हणजे चालू. खात्याने पाणी सोडण्याबाबत छापील सूचनापत्रं पाठवली होती. ती तशीच पडून राहिली, कारण दोन टोले पडले की खालच्या शिवारात सगळ्यांना कळायचं आणि सूचनापत्र वाचायला कुणीच उरायचं नाही.

तिकिटंही होती. ज्याची पाळी त्याच्या हातात तिकीट, आणि तिकीट नसेल तर मोरीला हात लावायचा नाही. ही तिकिटं काका जुन्या लग्नपत्रिका कापून तयार करत. वर मोरीचा नंबर, वार, किती तास, आणि मग त्यांच्या जुन्या पंचने एक भोक. मागे काहीही असायचं. एका पैलवान गड्याला दोन वर्षं ओळीने 'चि. सौ. कां.' लिहिलेला तुकडा आला, तेव्हा त्याने तक्रार केली होती. काका म्हणाले, "पाणी पुढच्या बाजूवर मिळतं, मागची बाजू घरी वाच." ज्याचं वावर अर्ध्या एकराच्या आत, त्याला हाफ तिकीट. सरकारी नियमात हाफ तिकीट नव्हतं. मी तसं सांगितल्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी दहा वर्षांच्या पोराला फुल तिकीट फाडायला सांगतोय.

पण त्यांचा खरा कायदा एकच होता. लांबचे आधी.

सणासुदीच्या गर्दीत ज्यांनी एसटी पकडलीय त्यांना हा कायदा माहीत आहे. गाडी फलाटाला लागते, माणसं दाराशी तुटून पडतात, आणि कंडक्टर दारात आडवा हात घालून ओरडतो, 'लांबचे आधी! जवळच्यांनी थांबा!' ज्याला शेवटच्या स्टॉपला जायचंय त्याला जागा, आणि पुढच्याच फाट्यावर उतरणाऱ्याने उभं राहायचं, नाहीतर मागच्या गाडीने यायचं. काकांनी हा आडवा हात नाशिकच्या स्टँडवर तीस वर्षं घातला होता. तोच त्यांनी इथे कालव्यात घातला.

कालव्याचा रिवाज नेमका उलटा असतो. ज्याचं वावर दरवाजाजवळ, तो आधी पितो, पोटभर पितो, आंघोळ करतो, आणि उरलं तर खाली जातं. आमच्या कालव्यात ते चार नंबरच्या मोरीच्या पुढे कधीच गेलं नव्हतं. शेवटच्या दोन मोऱ्यांवर बौद्ध कुटुंबांची एक वस्ती आणि डोंगरावरून येऊन राहिलेली काही घरं होती. कालवा खोदताना तिथल्याच लोकांनी मातीच्या पाट्या टाकल्या होत्या. पुढे वीस वर्षांत त्यांनी त्या कालव्यात पाणी सोडून बाकी सगळं पाहिलं. तळ गुळगुळीत आणि ऊन भरपूर, म्हणून बायका त्यात गोवऱ्या वाळत घालायच्या.

काका सचिव झाल्यावर त्यांनी पहिल्याच पाळीला वरच्या दहाही मोऱ्या बंद ठेवल्या आणि पाणी थेट अकरा नंबरला नेलं. नेलं म्हणजे अक्षरशः नेलं. दरवाजा उघडला, दोन टोले पडले, आणि पाण्याचं तोंड कोरड्या कालव्यातून पालापाचोळा ढकलत निघालं, त्याच्या शेजारून काका चालत निघाले. डोक्यावर टोपी, काखेत छत्री, प्रत्येक मोरीपाशी एक शिट्टी. मी म्हटलं, "काका, स्कूटरवर बसा, पुढे जाऊन थांबू." तर म्हणाले, "गाडी चालू असताना कंडक्टर खाली उतरत नसतो." कोरड्या कालव्यात पाणी माणसापेक्षा हळू चालतं. सात किलोमीटरला संध्याकाळ झाली.

मला वाटलं होतं, तिथे हार असतील, निदान नारळ तरी. पाण्याने पहिल्यांदा काय केलं असेल, तर दोनेकशे गोवऱ्या वाहून नेल्या. वस्तीतली एक ठसकेबाज बाई पदर खोचून कालव्याच्या काठावर उभी राहिली आणि तिने सरकारला, धरणाला आणि काकांना एकाच दमात धुतलं.

"आधी सांगाया नको? वीस वर्सं नाय आलं, आन आज न इचारता येतं?"

काकांनी टोपी काढली. "बाई, चुकलं. पण गाडी लेट हाय म्हणून ती कॅन्सल समजायची नसती."

पुढच्या पाळीपासून दोन दिवस आधी वस्तीत निरोप जायला लागला. गोवऱ्या काठावर गेल्या आणि कालव्याच्या शेवटी पहिल्यांदा गहू दिसला. वरच्या बाजूचे लोक मात्र खवळले. तीन नंबरच्या मोरीवर एका पुढाऱ्याची द्राक्षबाग होती. हे गृहस्थ एके दिवशी जीप घेऊन आले आणि बांधावर उभे राहून म्हणाले, "कंडक्टर, मुंबईहून फोन आलाय. बागेला आज पाणी सोडायचं."

काकांनी खिशातून तिकिटांचा गठ्ठा काढला. "मुंबईहून? मग तर लांबचे. त्यांचा नंबर आधी. कालवा तिकडं जातो का तेवढं साहेबांना विचारून घेतो."

मी नकाशात तोंड खुपसून बसलो. पुढाऱ्याची जीप परत गेली, आणि बागेला पाणी शेवटी त्याच्या पाळीलाच, गुरुवारी मिळालं.

हे वाचून तुम्हाला काका म्हणजे मोठे संत वाटायला लागले असतील, तर थांबा. माणूस भयंकर होता. दुसऱ्याचं ऐकणं हा प्रकार त्यांना माहीत नव्हता. सभेत कुणी मुद्दा मांडला की ते 'पुढं सरका, पुढं सरका' म्हणून त्याला खाली बसवायचे. सुट्टे नसतील तर चहावाल्याच्या टपरीवर चहा प्यायचे नाहीत आणि दुसऱ्यालाही पिऊ द्यायचे नाहीत. आणि त्यांना परीक्षा घ्यायची खोड होती.

एसटीत तपासणीवाले साध्या कपड्यांत गाडीत चढतात, कंडक्टरला म्हणतात, 'राहू दे तिकीट, निम्मे पैसे घे', आणि घेतले की गाडीतून खाली उतरवतात. काकांवर हा प्रयोग अनेकदा झाला होता आणि त्यांच्या मते माणसाच्या तब्येतीला तो फार चांगला असतो. त्यामुळे ते माझ्याकडे माणसं पाठवायचे. पहिल्याच महिन्यात एक शेतकरी द्राक्षांची करंडी घेऊन माझ्या ऑफिसात आला. म्हणाला, पाव्हणे आलेत, तेवढं दोन तास पाणी जास्तीचं करा. मला नाही म्हणायचा संकोच वाटला. मी म्हटलं, "बघू."

दुसऱ्या दिवशी बांधावर काका उभेच. "साहेब, 'बघू' म्हणालात. नापास."

"अहो, मी हो कुठे म्हणालो?"

"'बघू' म्हणजे लाजाळू माणसाचं 'हो'."

द्राक्षं त्यांनी परत नेली. त्यातली निम्मी मी खाल्ली होती, तेही त्यांनी ऐकवलं. पुढच्या पाच वर्षांत मी अशा किती परीक्षांना बसलो त्याचा हिशोब नाही. कधी रडणारी बाई, कधी गुरकावणारा गडी, एकदा तर चक्क माझ्याच खात्यातला शिपाई. मी कधी 'विचारून सांगतो' म्हणायचो, कधी 'या वेळेपुरतं', आणि दर वेळी नापास. साफ, सरळ, डोळ्यात बघून 'नाही' म्हणणं मला जमत नव्हतं. पंचवटीतल्या गल्लीत वाढलेला मुलगा मी, आमच्याकडे भिकाऱ्यालासुद्धा 'पुढच्या घरी बघा' म्हणतात. काका म्हणायचे, "साहेब, तुमचा स्वभाव चांगला हाय. पाणी वाटणाऱ्याला तो परवडत नाय."

आता त्यांच्या स्वतःच्या वावराविषयी. ते एक नंबरच्या मोरीवर होतं. तिथे दुसऱ्या कुणाचं वावरच नव्हतं. बांधाच्या पायथ्याला, दरवाजापासून हाक मारली तर ऐकू येईल एवढ्या अंतरावर, मुरमाड उंचवट्यावर दहा गुंठे जमीन. खाली कातळ, त्यामुळे विहीर नाही. धरणाच्या सगळ्यात जवळ आणि म्हणून, त्यांच्याच कायद्याने, सगळ्यात शेवटी. संपूर्ण कालव्याचं भरून झालं की मग घरचं वावर. कुणी कुतूहलाने विचारलं तर म्हणायचे, "मी कंडक्टर. कंडक्टरला सीट नसती."

ते वावर त्यांचं म्हणणंही चूकच. ते मावशींचं होतं. मावशी म्हणजे त्यांच्या पत्नी. ठेंगण्या, गोल आणि जिभेने काकांपेक्षा दोन इंच लांब. "ह्या माणसानं उभ्या संसारात मला पुढच्या सीटवर बसू दिलं नाय," असं त्या त्यांच्यासमोरच सांगायच्या आणि काका मान हलवायचे. त्या दहा गुंठ्यांत मावशी कांद्याचं बी धरायच्या. सायखेड्याच्या माहेराहून आणलेला लाल कांदा. दर वर्षी आपल्या हाताने निवडलेले कांदे त्या बियाण्यासाठी लावायच्या. मग त्याला गुडघ्याच्या वर दांडे यायचे, टोकाला पांढऱ्या फुलांचे गेंद. त्यांना डोंगळे म्हणतात. ते फुलले की टेकडीवर मधमाश्यांचा नुसता आवाज असायचा. वाळले की चोळून त्यातून काळं बी काढायचं. आजूबाजूच्या चार गावांत त्या बियाचा कांदा होता. मावशी ते विकत नसत. फडक्यात पुरचुंडी बांधून द्यायच्या आणि सोबत कांदा कसा लावायचा यावर शिव्यांसकट व्याख्यान.

हे बी नाजूक असतं. वर्षाच्या वर ठेवलं तर उगवत नाही, म्हणून ते दर वर्षी नव्याने धरावंच लागतं. आणि लाल कांदाही टिकणारा नव्हे, लोक तो काढला की बाजारात नेतात. म्हणजे एका वर्षी बी हुकलं की ते कायमचं हुकलं. त्यासाठी डोंगळ्यांना दाणा भरताना शेवटचं एक पाणी मिळायलाच हवं. मला हे सगळं मावशींनी पुन्हा पुन्हा सांगितलं होतं. मी सरकारी माणसासारखं ऐकलं होतं.

माझ्या तिथल्या पाचव्या वर्षी, म्हणजे दोन हजार साल उलटून गेल्यावर, पाऊस लवकर आटोपला. धरण निम्म्याच्या वर भरलंच नाही. माघ संपता संपता संस्थेची सभा झाली, आणि शेवटच्या पाळीला किती पाणी मिळेल हे मला विचारण्यात आलं.

माझ्याकडे कोष्टक होतं. धरणातल्या पट्टीवर पाण्याची उंची वाचायची, कोष्टकावर बोट ठेवायचं, समोर पाणी किती ते छापलेलं असतं. मी बोट ठेवलं आणि जाहीर केलं, की पिण्याचं राखून ठेवूनसुद्धा अकरा ते एक, सगळ्या मोऱ्यांचं निघेल. सभा खूश झाली.

दुसऱ्या दिवशी काका ट्रकच्या ट्यूबवर बसून धरणाच्या मध्यावर गेले. हातात लांब बांबू. परत आले तेव्हा बांबू कमरेएवढा चिखलाने माखलेला.

"साहेब, तळाला एवढा गाळ हाय. तुमच्या कोष्टकात धरलाय का?"

"कोष्टक धरण बांधलं तेव्हाचं आहे. रीतसर मोजणी झाल्याशिवाय ते बदलता येत नाही."

"मग चिखलाला तेवढं कळवायचं राह्यलं."

मी हसलो. मला तो विनोद वाटला. पाळी सुरू झाली. अकरा, दहा, नऊ, काका नेहमीप्रमाणे पाण्याबरोबर चालले. वस्तीतला गहू भिजला. पुढाऱ्याची द्राक्षबाग भिजली. दोन नंबरचं वावर भिजत आलं आणि पाणी पट्टीवरच्या लाल खुणेला टेकलं. लाल खूण म्हणजे त्याखालचं पाणी फक्त पिण्यासाठी. वरून हुकूम आलेला होता. मी दरवाजा बंद केला, कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली. काकांनी रुळावर एक टोला दिला. अकरापैकी दहा मोऱ्यांचं झालं होतं. माझा अंदाज दहा गुंठ्यांनी चुकला होता.

त्यानंतर पंधराएक दिवसांनी, ऐन दुपारी, काका माझ्या ऑफिसात आले. पूर्ण गणवेशात. खाकी शर्टाला इस्त्री, पँटलाही, टोपी हातात. एरवी ते दारातूनच बोलायला सुरुवात करत, आज टेबलासमोर येऊन उभे राहिले.

"साहेब, एक अर्ज हाय. तोंडी."

"बोला की."

"एक तास पाणी पाहिजे. एक नंबरच्या मोरीला."

"कुणाला?"

"माझ्याच वावराला."

मी त्यांच्याकडे पाहिलं आणि मला आतून हसू फुटलं. गणवेश काय, टोपी काय! माणसं पाठवून पाठवून संपली, तेव्हा परीक्षक आता स्वतःच उमेदवार बनून आला. पाच वर्षं मी नापास होत होतो. या वेळी मी खुर्चीत ताठ बसलो.

"काका," मी म्हटलं, साफ, सरळ, डोळ्यात बघून, "नाही. लांबचे आधी. आणि आता लांबचे म्हणजे मे महिन्यात हंडा घेऊन येणाऱ्या बाया."

त्यांनी हातातली टोपी उलटी करून पाहिली. मग म्हणाले, "अर्धा तास?"

काय बेरकी म्हातारा, मी मनात म्हटलं. पेपर सोपा करून बघतोय.

"अर्ध्या तासाचंही नाही."

खिडकीबाहेर बांध दिसत होता आणि बांधाखाली ते दहा गुंठे. काकांनी तिकडे पाहिलं नाही. ते माझ्याकडेच पाहत होते. मग त्यांनी टोपी डोक्यावर चढवली, हात पुढे केला आणि माझा हात हातात घेऊन जोरात हलवला.

"पास, साहेब. शंभरपैकी शंभर."

मला इतका आनंद झाला की मी चहा मागवला. ते म्हणाले, "चहा नको. ड्युटी हाय." कालवा बंद होता, पाळी संपली होती, ड्युटी कसली हे माझ्या डोक्यात आलं नाही.

डोंगळे वाळताना मी पाहिले. आधी दांडे पिवळे पडले, मग गेंद दाणा न भरताच माना टाकून बसले. मला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण त्याहून जास्त काय वाटलं असेल, तर अभिमान. असा तत्त्वाचा माणूस, आणि मी त्याचा विद्यार्थी. पावसाळ्याच्या तोंडावर माझी बदली झाली.

पुढे मी बढती घेत गेलो. खात्यात पाणीवापर संस्थांची प्रशिक्षणं सुरू झाली, आणि मला बोलता बरं येतं म्हणून भाषणाला मी. सहा वर्षं मी हीच गोष्ट सांगितली. नाव न घेता. कंडक्टर, लांबचे आधी, आणि शेवटी ती परीक्षा. 'शंभरपैकी शंभर' म्हटलं की टाळ्या हमखास. एका वरिष्ठांनी तर तो किस्सा लेखी मागवून घेतला होता.

मधल्या काळात काका गेल्याचं कळलं. त्या वेळी जाणं झालं नाही. दीडेक वर्षाने त्या बाजूला काम निघालं, तेव्हा वाट वाकडी करून गेलो. मावशी ओट्यावर बसून दुकानातून आणलेलं चकचकीत पाकीट दाताने फोडत होत्या. कांद्याचंच बी होतं. त्यांनी मला ओळखलं, आत चहा टाकून आल्या. मग काय बोलायचं सुचेना, म्हणून मी माझी हुकमी गोष्ट काढली. गणवेश, टोपी, एक तास, अर्धा तास. भाषणात जिथे थांबतो तिथे बरोबर थांबलो.

मावशी हसल्या नाहीत.

"कसली परीक्षा?"

"ती हो. त्यांनी माझी घेतली ती."

"परीक्षा नव्हती ती, साहेब. मीच धाडलं व्हतं. आठ दिवस मी मागं लागले तवा ते गेले. सकाळपासून घोकत व्हते, काय बोलायचं ते. कपड्याला इस्त्री केली. कुणाकडं कधी मागितलं नव्हतं ना, सवय नव्हती."

मी विचारलं, "मग त्यांनी मला सांगितलं का नाही?"

"मी बी तेच म्हणलं. परत जा, खरं सांगा, पोरगं चांगलं हाय, देईल. तर म्हणले, 'नाय जमायचं. पाच वर्सं त्याला एकच शिकवलं. आज पहिल्यांदा तो नाय म्हणाला. आता कोणत्या तोंडानं सांगू, की नाय म्हण, पण मला सोडून?'"

खाली दूर वस्तीच्या बाजूला गव्हाची पेरणी चालली होती. मी तिकडे बघत राहिलो, कारण मावशींकडे बघवेना. माझं कोष्टक, माझं बोट, माझी किल्ली. आणि सहा वर्षं घेतलेल्या टाळ्या. मला रडू आलं असतं तर बरं झालं असतं, पण नुसती लाज वाटत राहिली.

"बी गेलंच मग," मी म्हटलं.

"गेलं," मावशी म्हणाल्या. "वरीसभर बोलले नाय मी त्यांच्याशी. पण तुमच्यावर राग नव्हता त्यांचा. उलट ज्याला त्याला सांगत फिरायचे. शेवटी हॉस्पिटलात, बोलायला होत नव्हतं, तरी तिथल्या नर्सबाईला सांगत व्हते, 'आमचा साहेब नाय म्हणतो.'"